अर्धलीच्या बाभळी

"काकू! ए काकू! भायेर ये आधी! भायेर ये म्हन्तो ना!"

दूध सोसायटीचे चेअरमन जिजीच्या दारात उभे राहून ओरडत होते. त्यांचा आवाज मुळातच असा, की ते आपल्या ओट्यावर खोकले तर नेकनूरच्या बाजारातली जनावरं कान टवकारायची. त्या दिवशी तर ते मन लावून ओरडत होते. एका हातात मुळासकट उपटलेल्या बाभळीच्या रोपांची जुडी, दुसऱ्या हातात धोतराचा सोगा. रोपं वीतभर होती, काटे अजून दुधाचेच होते, पण चेअरमनना रानाबाहेर सोडताना त्यांनी जकात म्हणून धोतराचा तुकडा ठेवून घेतला होता.

जिजी दातण चावत बाहेर आली. "कावून बोंबलतो, लेकरा? कोन मेलं?"

"माझं रान मेलं! कपाशीत पाय ठेवाया जागा न्हाई! कपाशीचं एक झाड, तर बाभळी चार! ही तुजी अवलाद हाय का न्हाई, सांग!"

जिजीनं एक रोप हातात घेतलं, उलटंपालटं केलं, आणि नातवाचं नाक बघून घराणं ओळखावं तशी म्हणाली, "माजीच हाय. अंग बघ की कसं धरलंय."

"उद्या सभा लावतो! तुजं सगळं बन मुळासकट तोडून कोळशाच्या भट्टीत न्हाई घातलं, तर चेरमन म्हनू नको मला!"

"तसं बी मी कुटं म्हन्ते," जिजी म्हणाली आणि चूळ भरायला आत गेली.

चेअरमन गेले. गल्लीतल्या बाया दारांतून आत गेल्या. आणि मी, म्हणजे त्या सोसायटीचा सचिव आणि जिजीचा भाडेकरू, अर्धी दाढी केलेला तसाच उभा राहिलो. कारण जिजीनं चूळ भरली आणि मागच्या दारानं ती थेट ओढ्याकडच्या आपल्या बाभळींकडे निघाली.

आता मी कोण ते सांगून टाकतो. माझं गाव दिंद्रुडकडचं, सपाटीवरचं. नोकरीनं मला डोंगरातल्या या गावात आणून टाकलं. लोक म्हणतात मी वाढवून सांगतो. तसं काही नाही. खरी गोष्ट अंगानं फार वाळलेली असते, तिला मी चार घास जास्त घालतो एवढंच. दुष्काळी भागातला माणूस आहे, उपाशी काही बघवत नाही.

तर जिजी. चेअरमनची ती चुलती, अख्ख्या गावाची जिजी. मालक जाऊन जमाना झालेला, लेकी दिल्याघरी सुखात. ओढ्याच्या दोन्ही अंगांनी तिची जमीन, आणि त्या जमिनीवर काय? बाभळी. नुसत्या बाभळी. लोकांनी विहिरी पाडल्या, मोसंबी लावली, कपाशी लावली, कारखाना निघाल्यावर उसाची स्वप्नं लावली. जिजीनं काहीच लावलं नाही आणि काहीच तोडलंही नाही. चैत्रात त्या बनावरून वारा आला की शेंगांचा असा खुळखुळाट व्हायचा, की परका माणूस वरात समजून बाजूला उभा राहावा.

तिच्या घरी पाहुण्याला आधी चहा मिळत नसे, बाभळीचं दातण मिळे. मग पाहुणा सकाळी आलेला असो की दिवेलागणीला. पाहुण्यानं ते चावायचं आणि जिजीनं त्याच्याकडे टक लावून बघायचं. तिचं म्हणणं, माणूस दातण कसं चावतो त्यावरून इमान कळतं. भराभर चावणारा उधळ्या. न चावता हातात धरून बसणारा पुढारी. थुंकायला बाहेर जाणारा जावई करायला हरकत नाही. गावातल्या निम्म्या सोयरिकी तिनं अशा जुळवल्या. त्यांतली एकही मोडली नाही, आणि पोरगा बिनदाताचा निघाला असंही कधी झालं नाही.

सुई-टाचणीला तिच्या घरात मज्जाव होता. पदराला, वाकळेला, पोत्याला, सगळ्याला बाभळीचा पांढराशुभ्र काटा. गावात कुणाच्या पायात काही मोडलं की तो लंगडत जिजीकडे यायचा. जिजी अंबाड्यातून काटा उपसायची आणि काढता काढता त्याला सात पिढ्यांवरून शिव्या द्यायची. माणूस शिव्यांत गुंतला की दुखणं विसरतो, हे तिचं शास्त्र. एकदा सोसायटीकडे आलेल्या ढोरांच्या डॉक्टरला तिनं असंच मांडी घालून बसवलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, काटा निर्जंतुक आहे का?" जिजी म्हणाली, "तुमी हाव का?"

आणि बाभळीला कुणी वाईट म्हणायचं नाही. 'काटेरी' हा शब्दसुद्धा चालत नसे. "काटा न्हाई त्यो, दागिना हाय. तुमच्या आंब्याला राखन्या ठिवावा लागतो, माजी बाभळ सोता राखन करती. बांधाबांधावर लावा म्हन्ते, तर कुनी आयकत न्हाई." एकदा एक शेतीसाहेब मोटारसायकलवरून आले होते, बन तोडून फळबाग लावा म्हणून सांगायला. ते बोलत असताना त्यांची दोन्ही चाकं एकदमच बसली. साहेबांनी कपाळाला हात लावला. जिजी हरखून म्हणाली, "बगा, बाभळीनं जेवाया ठिवून घेतलं तुमाला!" साहेब जेवले, शेळीच्या दुधात भाकरी कुस्करून दोनदा मागून जेवले, बाभळीखाली घोरले, आणि गाडी ढकलत गेले. परत आले ते फळबागेचं नाव न काढता, जेवायलाच.

माझं खोलीभाडंसुद्धा बाभळीतच फिटायचं. आठवड्यातून एकदा लांब काठीला बांधलेली आकडी घेऊन फांद्या हलवायच्या, शेंगा पाडायच्या. मी शिकलेला माणूस, त्यात सचिव. पण उन्हाळ्यात माझ्या अंगावर इतके ओरखडे असत, की बायकोनं माहेरी पत्रात लिहिलं, यांना सोसायटीत मारतात.

आता तो दुष्काळ. नुसता दुष्काळ म्हटलं तर आमच्या भागात कुणी मान वर करून बघत नाही, आम्हाला सवय. पण त्या वर्षी विहिरीत बादली सोडली की खाली धूळ उडायची आणि बादलीच शिंकायची. दिवाळी झाली आणि गावातली माणसं नेहमीप्रमाणे ऊसतोडीला निघाली. बैल गाडीला जुंपून नेता येतात, पण गाया आणि शेळ्या कुठं न्यायच्या? एरवी त्या म्हाताऱ्या माणसांच्या जिवावर गोठ्यात राहत. त्या वर्षी गोठ्यात काडी नव्हती. लोक जनावरं विकायला निघाले, तर बाजारात घेणारा नाही.

आणि आमच्या सोसायटीला तालुक्याच्या संघाकडून निरोप आला, कॅन भरत नसतील तर टेम्पो फाट्यावर थांबणार नाही, तुमचं दूध खालच्या गावात नेऊन घाला. खालच्या गावात! या दोन गावांत पिढ्यान्‌पिढ्या लग्नं होतात आणि प्रत्येक लग्नात भांडणं होतात. आमचं दूध त्यांच्या मापात? ओट्यावर बसलेल्या सगळ्यांच्या माना खाली गेल्या. चेअरमनचा आवाजसुद्धा त्या दिवशी शेजारच्या घरापर्यंतच गेला.

तेव्हा जिजी उठली. "समदी ढोरं माज्या बनात आना. अर्धलीनं सांभाळते. नारायणगडाची आन घेऊन सांगते, येक बी दावं रिकामं व्हनार न्हाई आन तुमचा कॅन बी रिकामा जानार न्हाई."

अर्धलीनं म्हणजे आमच्याकडची जुनी रीत. जनावर एकाचं, सांभाळ दुसऱ्याचा, आणि पोटातून जे निपजेल त्यात दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. ना कागद, ना सही. मारुतीसमोर तोंडानं बोलायचं, की झालं. ही रीत मोडणाऱ्याच्या घरी पुढं कुणी पाण्याचा तांब्यासुद्धा घेत नाही.

ढोरं बनात आली. गाया आल्या, शेळ्या आल्या, मरायला टेकलेल्या म्हशी आल्या. चेअरमनच्या गायाही आल्या, पण त्या चारा नाही म्हणून आल्या नव्हत्या. चेअरमननी गावात सांगितलं की त्या हवापालटाला गेल्यात.

आणि सांगतो, जिजीनं काय केलं. होळीपर्यंत बाभळीचा पाला खाली उतरवला. होळीनंतर शेंगा सुरू झाल्या, पांढुरक्या, मण्यांच्या माळेसारख्या. आम्ही पाडत होतो आणि जनावरं खात होती. शेळ्या तर शेंग खाली पडायच्या आत हवेत झेलायच्या. एक बोकड माझ्या आकडीबरोबर झाडावर चढला आणि उतरेना, त्याला तिथंच पाणी पाजावं लागलं. ओढ्यात जिजीनं हातभर वाळू उकरून झिरा केला होता. वाटीवाटीनं पाणी भरून ती प्रत्येक जनावराला नावानं हाक मारून पाजायची. चेअरमनच्या गाईला ती 'सूनबाई' म्हणायची आणि पाजताना सासऱ्याच्या चहाड्या सांगायची.

रोज सकाळी फाट्यावर टेम्पो थांबायचा. रोज. आमचा कॅन काठोकाठ नसायचा, पण झाकण लावण्याजोगा असायचा. खालच्या गावाची सोसायटी उन्हाळ्याच्या तोंडालाच बसली आणि त्यांचे चेअरमन आपल्या बायकोसाठी चहापुरतं दूध न्यायला आमच्या फाट्यावर आले. त्या दिवशी माझी छाती इतकी फुगली, की सदऱ्याचं बटण तुटलं. जिजीनं तिथं काटा टोचून दिला. अजून तो सदरा आहे.

ऊसतोडवाले परत आले. आपापली जनावरं जिवंत बघून मुकादम, म्हणजे त्यांच्या टोळीचा म्होरक्या, शेळीच्या गळ्यात पडून रडला. शेळीला त्याची ओळख पटली नाही, ती शेंगा शोधत होती.

वाटपाला सगळे बनात जमले. करडं, वासरं मोजून निम्मी जिजीची काढली. जिजीनं ती तिथल्या तिथं ज्यांच्या घरी काहीच उरलं नव्हतं त्यांना वाटली आणि वर त्यांनाच शिव्या दिल्या. इथपर्यंत सगळं गोड चाललं होतं. मग चेअरमनची नजर गेली बनाच्या कडेला. तिथं शेणाचा आणि लेंड्यांचा ढीग होता. ढीग कसला, गडच. वर झेंडा लावला असता तर लोक पायथ्याशी नारळ फोडून गेले असते.

"हे खत कुनाचं?" चेअरमन म्हणाले.

रिवाजाप्रमाणे शेण सांभाळणाऱ्याचं असतं. पण दुष्काळानं रानं उघडी पडली होती, पेरणी तोंडावर होती, आणि असं खत सोन्याच्या भावानं मिळालं नसतं.

"जनावर आमचं, तर त्याच्या पोटातलं शेन बी आमचं," चेअरमन म्हणाले. "का रे?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मुकादमसुद्धा डोळे पुसता पुसता हलवून मोकळा झाला. गरज माणसाला असं हलवते. मला वाटलं, आता जिजी उसळणार. पण ती नुसती हसली. म्हणाली, "पोटातलं तुमचं म्हन्ता? न्या की. मी कुटं आडवलंय?"

गाड्या लागल्या. सगळ्यात जास्त गाड्या अर्थात चेअरमनच्या. गावभर बोलबाला, जिजीला कसं गुंडाळलं. चेअरमन तर आठवडाभर मिशीला तूप लावून हिंडत होते.

पुढं पाऊस झाला, पेरण्या झाल्या, आणि श्रावणात गावाच्या तमाम शिवारात बाभळी उगवल्या. ज्यानं एक गाडी खत नेलं त्याच्या रानात एक गाडीची बाभळ. चेअरमनच्या रानात तर असं दाट उगवलं होतं, की सशाला पलीकडे जायला वळसा घ्यावा लागे. खुरपणाऱ्या बाया कामाला येईनात. सुरुवातीला सांगितलं, त्या सकाळी ते जिजीच्या दारात आले होते ते यापायी.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ओट्यावर सभा भरली. सगळे पाय चोळत बसलेले. चेअरमन खुर्चीवर. जिजी पालथ्या कॅनवर. रात्रभर ती आपल्या बनात हिंडून आली होती, झाडाझाडाला हात लावून. सकाळी मला म्हणाली होती, "शेकरेटरी, लोकं रागात हायेत. रागात मानूस पहिली कुऱ्हाड घालतो आन दुसरीला रडतो. पर झाड पहिलीतच मरतं." मी विचारलं, सभेत काय बोलणार? तर म्हणाली, "जमंल तसं."

चेअरमननी सुरुवात केली. "हिच्या बाभळीनं गावाचं रान नासलं. दरसाल असंच व्हनार. माजं म्हननं, बन मुळासकट तोडा, लाकूड भट्टीला द्या. कुनाचं काही म्हननं?"

मागून एक जण पुटपुटला, "तोडाच. माजी पोरगी लंगडती." मी सचिव म्हणून बोलायला उठलो, तर चेअरमन म्हणाले, "तुमी बसा. तुमी भाडेकरू." मी बसलो.

जिजी उठली. पदर खोचला. "तोडा," ती म्हणाली. "पर आधी वाटप पुरं करा."

"कसलं वाटप? झालं की वाटप."

"करडांचं झालं, वासरांचं झालं. या बाभळींचं कुटं झालंय?"

"बाभळींचं?" चेअरमन खुर्चीत पुढे सरकले.

"लेकरा, मला सांग. ढोरं माज्याकडं कशी व्हती?"

"अर्धलीनं."

"अर्धलीत निम्मा वाटा कशावर असतो?"

"पोटातून निपजंल त्याच्यावर."

"आन ही बाभळ कुटून निपजली? आभाळातून पडली? मी पेरली तुज्या रानात? शेंग ढोरानं खाल्ली, बी ढोराच्या पोटातून आलं. पोटातलं आमचं, म्हनून तूच गाड्या भरून नेलं, समद्या गावादेखत. मग जे निपजलंय त्यातलं निम्मं माजं हाय का न्हाई?"

ओट्यावरचे सगळे बोटं मोडून हिशेब करू लागले.

"बरोबर हाय की बे!" मुकादम एकदम ओरडला. चेअरमनला 'बे' म्हटल्याचं ध्यानात येताच त्यानं जीभ चावली, पण तोवर पार मागच्या भिंतीपर्यंत हसू पसरलं होतं.

"हसू नका!" चेअरमन गरजले. "काकू, शेनाचा कुटं वाटा असतो व्हय?"

"नसतोच. मी तरी कुटं मागितला? शेन समदं तुला दिलं. मी निपजलेल्याचा मागते." जिजी आता रंगात आली होती. "हां, रीत मानायची नसंल तर तसं सांग. मग या गावात आजपासून कुनीच कुनाचा वाटा देऊ नये. आपलं काय, मोकळं."

आता सांगायला हवं, की गावातल्या बऱ्याच घरांत चेअरमनच्या म्हशी अर्धलीनं होत्या. त्या घरांतली माणसं इथंच, ओट्यावरच बसली होती. आणि 'मोकळं' हा शब्द ऐकून त्यांच्यातल्या काहींच्या चेहऱ्यावर नको तितका आनंद पसरला. चेअरमननी त्यांच्याकडे बघितलं. मग छताकडे बघितलं. मग स्वतःच्या फाटक्या धोतराकडे.

"निम्म्या म्हंजे कंच्या?" ते शेवटी म्हणाले. आवाज शेजारच्या घरापर्यंतसुद्धा गेला नाही.

"रानातल्या तुमच्या, बांधावरच्या माज्या. तुमच्या तुमी उपटा न्हाई तर डोक्यावर घ्या. माज्या बांधावरच्या रोपाला कुनी हात लावला, तर वाटा खाल्ल्याचं पाप."

"आन तुजं बन?"

तेव्हा मात्र जिजीचा आवाज खाली आला. त्या आवाजात मी तिला तोवर कधी बोलताना ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. "पिलं वाटून घेतली की आई कापत असतेत का रं, लेकरा?"

पुटपुटणारा तो बाप आपल्या नखांकडे बघत राहिला. चेअरमन उठले, खुर्ची मागं सारली, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "शेकरेटरी, सभा उठली. बांधावरच्या आन बनातल्या ऱ्हाऊ द्या." मग जाता जाता, कुणाला दिसू नये अशा बेतानं, काकूच्या पायाला हात लावून गेले.

आज आमच्या शिवारात या. नारायणगडाकडून येताना डोंगर उतरलात की एक गाव असं दिसेल, ज्याचा प्रत्येक बांध हिरव्या काठासारखा उठून दिसतो आणि फुलांच्या दिवसांत पिवळ्या. दुष्काळ पुढंही आले, ते काय आमचा पत्ता विसरणार आहेत? पण आमची ढोरं दुसऱ्याच्या दावणीला गेली नाहीत आणि टेम्पो एक दिवस फाटा चुकला नाही. बाहेरगावी कुणी विचारलं, की तुम्ही कुठले, तर मी अजून दिंद्रुड सांगत नाही. या गावाचं नाव सांगतो, आणि जरा मोठ्यानंच सांगतो.

पण त्या दिवशी सभेहून घरी येताना मला राहवेना. मी म्हटलं, "जिजी, एवढी वर्षं तुम्ही लोकांना सांगत होता, बांधावर बाभळ लावा. कुणी लावली नाही. आता गावानं स्वतःच्या गाड्या जुंपून, स्वतःच्या हातानं लावली. खरं सांगा, ते खत नेत होते तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं ना, त्या शेणातलं बी उगवतं म्हणून?"

जिजी चालता चालता थांबलीसुद्धा नाही.

"ते तर शेळीला बी ठाव असतं."